खुशालचं नाक आणि शेवंती स्नो

खुशाल खोब्रागडेच्या नाकाची कीर्ती अख्ख्या ऊर्जानगरात पसरली होती, आणि ती पसरवण्याचं निम्मं काम खुशालने स्वतःच केलं होतं. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या कोळसा विभागात तो कामाला होता. तिथे कोळशाचे मोठमोठे ढीग पडून असतात, आणि पडल्या पडल्या ते आतून धुमसायला लागतात. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. इंजिनिअरसाहेब लोखंडी नळीतून थर्मामीटर आत सोडायचे आणि घड्याळाकडे बघत उभे राहायचे. तेवढ्यात खुशाल ढिगाला फेरी मारून यायचा, वाऱ्याच्या दिशेला नाक वर करायचा आणि बोट दाखवून म्हणायचा, "इथी खणा." खणलं की धूर निघायचाच.

"साहेब, थर्मामीटर सरकारचा हाय," तो छाती फुगवून सांगायचा, "पन नाक माह्यं हाय."

अशा नाकाच्या माणसाची बायको मात्र नाकाला लागेल एवढ्या अंतरावर नव्हती. सत्यशीला नर्स होती. एटापल्लीच्याही पलीकडे, जंगलातल्या एका खेड्याच्या उपकेंद्रात तिची नेमणूक. लग्न झालं, आणि हळदीचा रंग उतरायच्या आत ती ड्युटीवर हजर झाली. बदलीचा अर्ज दिलेला होता. तो कुठल्या टेबलावर आहे हे साहेबांना माहीत नव्हतं, कारकुनाला माहीत नव्हतं, आणि बहुतेक त्या टेबलालाही माहीत नसावं. ती सणासुदीला यायची, दोन रात्री राहायची आणि जायची. ती गेली की क्वार्टरच्या दोन खोल्या खुशालला एकदम दहा खोल्यांएवढ्या वाटायच्या. बिचारा एका खोलीत जेवायचा आणि दुसऱ्या खोलीत तिची वाट बघायचा.

ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाला ती चंद्रपूरला आली होती. जाताना तिची एक डबी खिडकीत आरशामागे राहून गेली. पांढऱ्या काचेची, पत्र्याच्या झाकणाची, झाकणावर शेवंतीचं फूल आणि फुलात हसणारी पोरगी. शेवंती स्नो. खुशालने सहज झाकण उघडलं, नाकाला लावलं, आणि मटकन पलंगावर बसला. सत्यशीला आली होती! तिच्या हातांचा, गळ्याचा, ती जवळून गेली की मागे रेंगाळायचा तोच वास. थोडा गोडसर, थोडा कडवट, चुलीजवळ काहीतरी भाजून ठेवावं तसा उबदार.

त्या दिवसापासून त्याचा नेम झाला. ड्युटीवरून यायचं, अंगावरचा काळा थर धुवायचा, आणि डबी उघडून एक दीर्घ श्वास घ्यायचा. फक्त एक. जास्त हुंगलं तर वास संपेल अशी त्याला भीती वाटायची. वासाच्या बाबतीत इतका काटकसरी माणूस ऊर्जानगरात दुसरा नव्हता.

डिसेंबर अखेरीला ती येणार होती. खुशालने गादीला ऊन दाखवलं, भिंतीला चुना मारला, शेजारच्या आशाबाईंकडून वांग्याचं भरीत शिकून घेतलं. आणि एक दिवस बस स्टँडवर कंडक्टर बापूरावने त्याला हाक मारली. तिकडची खबर इकडे आणि इकडची तिकडे नेण्याचं काम एस.टी.चे कंडक्टरच करायचे. आलापल्लीपर्यंत बापूराव, तिथून पुढे दुसऱ्या गाडीचा माणूस, आणि शेवटी जंगलातला जीपवाला, अशी ती निरोपांची साखळी होती.

"खुशालभाऊ, बाई येत नाई म्हने. कॅम्प लागला. ऑपरेशनचा. सगळ्या नर्सायच्या सुट्ट्या रद्द."

"मग कधी येईन?"

"ते नाई सांगतलं. पन बाईचा आवाज बारीक होता म्हनत होता तो आलापल्लीवाला."

घरी येऊन खुशालने डबी उघडली. त्या दिवशी एका श्वासावर भागलं नाही. त्याने बोटाच्या टोकावर थोडा स्नो घेतला आणि स्वतःच्या गालाला लावला. थंडीने तो घट्ट झाला होता, पिवळसर पडला होता. जुना झाला असेल, खुशालने विचार केला. डोळे मिटले की सत्यशीला उशाशी येऊन बसली आहे असं वाटायचं. मग काय, काटकसर सुटली. आज गालाला, उद्या गळ्याला, परवा मनगटाला. महिना संपायच्या आत डबीत नुसती काच उरली.

दुसरा कोणी असता तर रडत बसला असता. खुशाल गोल बाजारात गेला. जनरल स्टोअर्समध्ये तशीच डबी मिळाली. तेच फूल, तीच हसणारी पोरगी. त्याने दुकानातच झाकण उघडलं, हुंगलं, आणि डबी परत काउंटरवर आपटली.

"हा नकली माल हाय."

"काऊन? नकली कसा असंन? सील तुमीच तोडलं ना!" दुकानदार म्हणाला.

"याच्यात गुलाबाचा वास हाय. असलीमंदी नाई राहत."

"शेवंती स्नोमंदी गुलाबाचाच वास राहते, भाऊ. माह्या बापाच्या दुकानापासून."

खुशालने दुसरी डबी मागितली. मग तिसरी. माझं नाक कोळसा ओळखतं, स्नो काय चीज आहे, हे त्याने दुकानदाराला ऐकवलं. बघता बघता गिऱ्हाईकं गोळा झाली. एका म्हाताऱ्या बाईने नुसतं बघून सांगितलं की या माणसाला बाहेरची हवा लागली आहे. शेवटी दुकानदाराने हात जोडले.

"भाऊ, स्नो लावाचा राहते. हुंगाचा नाई. उघडलेल्या डब्या मात्र घेऊन जा."

अशा रीतीने उघडलेल्या सगळ्या डब्या घेऊन खुशाल घरी आला. पण हार मानेल तो खुशाल कसला. कंपनीला तो वास जमत नाही ना? मग आपण जमवू. आपल्याकडे नाक आहे!

त्याने सगळा स्नो एका पातेल्यात काढला. गुलाब मारायला त्यात लवंगेचं तेल ओतलं. कडवटपणासाठी संत्र्याच्या सालींचा रस पिळला. उबदारपणासाठी दालचिनीचं तेल. उरुसातल्या अत्तरवाल्याकडून कधीतरी घेतलेला एक काळा फाया त्यात चुरगळला. भाजका वास कमी पडतोय असं वाटून शेंगदाणे जाळून त्यांची राखही टाकली. मग पातेलं मंद आचेवर ठेवून ढवळत बसला. मधून मधून हुंगायचा, मान हलवायचा, पुन्हा लवंग.

शेजारून आशाबाई डोकावल्या. "खुशालभाऊ, मसालेभात करून राह्यले का? लय घमघमाट सुटला."

"नाई बाई. तोंडाले लावाचं हाय."

आशाबाईंनी थोडा वेळ पातेल्याकडे बघितलं, थोडा वेळ खुशालच्या तोंडाकडे बघितलं, आणि दार लोटून घेतलं.

मागोमाग त्याच्याच शिफ्टमधला गुलाब मेश्राम आला. "काय बे, काय रांधून राह्यला?"

"सत्यशीलेचा वास," खुशाल म्हणाला.

गुलाब अविवाहित होता. लग्नाने माणसाचं काय होतं हे बघून त्याने निमूट आपली खोली गाठली.

पहाटे ड्युटीवर जाण्याआधी खुशालने तो लेप भरपूर चोपडला. आधी ऊब वाटली. मग चुणचुणलं. मग गालांवर कोणी मिरचीचं बोट फिरवल्यासारखं झालं. औषध असर करून राह्यलं, असं म्हणून त्याने आणखी एक थर दिला. कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, आणि मागच्या बाकावरच्या कोणीतरी कोणाच्या दातात दुखतंय म्हणून विचारपूस केली. पुढे ढिगावर उन्हात उभं राहिल्यावर तर गाल, कपाळ, मान, सगळं तापलेल्या तव्यासारखं झालं.

साहेब आले. "खोब्रागडे, आज वारा आहे. नाक लावा जरा. थर्मामीटर दुरुस्तीला गेलाय."

खुशालने ढिगाला फेरी मारली. नाक वर केलं. लवंग. पलीकडच्या बाजूला गेला. लवंग. वाकून कोळशाच्या अगदी जवळ नाक नेलं. दालचिनी. साहेब बघत होते. नावाचा प्रश्न होता.

"इथी काई नाई, साहेब. ढीग एकदम थंडा."

साहेब विश्वासाने ढिगाजवळ गेले आणि त्याच क्षणी त्यांच्या पायाजवळून धुराचा लोट निघाला. धावाधाव झाली. पाण्याचे पाइप आले, बुलडोझर आला, कोळसा पसरून घटकाभरात सगळं विझवलं गेलं. कोणाला काही झालं नाही. साहेबांची पँट तेवढी काळी झाली. ते तणतणत खुशालकडे वळले आणि त्याचं तोंड बघून एक पाऊल मागे सरले. डोळे फटीएवढे उरले होते. गाल इतके वर आले होते की त्यांच्यात ते नाक शोधावं लागत होतं.

"खोब्रागडे, हे काय झालं?"

"स्नो लावला होता, साहेब."

साहेबांनी त्याला सरळ दवाखान्यात धाडलं. तिथे त्याचं तोंड धुऊन गुलाबी औषध लावण्यात आलं आणि घरी झोपायला पाठवण्यात आलं.

गुलाबने मात्र मैत्रीला जागायचं ठरवलं. तो स्टँडवर गेला आणि बापूरावला म्हणाला, "खुशालच्या बाईले सांगा, इथी कोळशाले आग लागली होती. अन् खुशालचं तोंड सुजलं हाय. काळजीचं काई नाई."

एवढासा निरोप. पण त्यात आग होती आणि तोंड होतं. आलापल्लीला पोचेपर्यंत बापूरावने दोन्ही जवळ आणून ठेवली. तिथला कंडक्टर जरा हळवा होता. आणि जीपवाल्याने उपकेंद्राच्या दारात सत्यशीलेला सांगितलं ते असं, "बाई, निघा. आगीत तुमच्या साहेबायचं तोंड गेलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. खुशाल पलंगावर तोंडावर ओला टॉवेल घेऊन पडला होता. दार उघडल्याचा आवाज आला, पिशवी खाली पडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज आला नाही. सत्यशीला उंबऱ्यात उभी होती. वाटेत कुठेतरी केस सुटले होते. बगलेत भाजल्याच्या पट्ट्यांचा डबा होता. टॉवेलकडे बघून तिला पुढे पाऊल टाकायचा धीर होईना.

"दिसते का तुमाले?" तिने विचारलं. "डोळे हाय का?"

"हाय ना," टॉवेलखालून खुशाल म्हणाला. "तू काऊन आली?"

तिने टॉवेल उचलला. एक नजर टाकली आणि पलंगाच्या काठावर बसून ती जी रडली, तशी ती माहेर सोडतानाही रडली नव्हती. खुशालला वाईट वाटलं आणि मनातून फार बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. तो तिचा हात धरणार एवढ्यात तिचं रडणं थांबलं. तिने नाक ओढलं. मग परत ओढलं, जरा जाणून-बुजून.

"हा वास कायचा?"

खुशाल छताकडे बघू लागला.

"हे भाजलेलं नाई. हे पुरळ हाय. काय लावलं?"

तोवर आशाबाई चहा घेऊन आल्याच होत्या. त्यांनी पातेलं आणून पुढे ठेवलं. सत्यशीलेने ते हुंगलं आणि दूर सरकवलं.

"दालचिनीचं तेल? तोंडाले? लवंग, संत्र्याच्या साली? अन् ते लावून उन्हात गेले?"

"पन सगळं खायाचंच हाय ना. खाल्लं तर चालते, लावलं तर काऊन नाई चालत?"

"खाताना चिमूटभर खाता. अन् जिभेची चामडी येगळी, गालाची येगळी. वासाच्या तेलानंच चामडी सगळ्यात जास्त बिघडते. झाडाचं असो का कंपनीचं. अन् डबीवर नुसतं 'सुगंधी' लिहून राहते, अंदर काय काय हाय ते कोनी सांगत नाई." ती बोलता बोलता थांबली. "पन तुमाले हे सुचलं कुठून?"

खुशालने मग आरशामागची रिकामी डबी काढून तिच्या हातात दिली. आणि सुजलेल्या तोंडाने, अडखळत, सगळं सांगितलं. रोजचा एक श्वास, कॅम्पचा निरोप, संपलेली डबी, गोल बाजार. "तुह्या वास होता याच्यात," तो म्हणाला. "तो संपला. मले राहावलंच नाई."

आशाबाईंनी कप उचलले आणि जाताना दार ओढून घेतलं.

सत्यशीला डबी हातात फिरवत बसली. तिचे ओठ हलत होते. रडतेय की काय म्हणून खुशाल घाबरला, पण ती हसू दाबत होती.

"अवो, हा स्नो मले लग्नातच भोवला होता. हळदीच्या दुसऱ्या दिवशी गालावर पुरळ. तवाच फेकून देल्ला. डबी चांगली होती म्हनून ठेवली."

"मग याच्यात काय होतं?"

"टोळीचं तेल. मोहाच्या बियायचं. उपकेंद्रात सोमारी येते ना झाडलोट कराले, तिनं देल्लं. हाताले भेगा पडत होत्या माह्या. थंडीत ते तुपावानी घट्ट होते."

खुशाल वरोऱ्याचा, कापसाच्या मुलखातला. मोहाची बी त्याने पाहिलेली नव्हती, मग तिचं तेल कुठून हुंगणार. कोळशाचा श्वास ओळखणारं ते नाक सत्यशीलेचा वास म्हणून महिनोनमहिने भलत्याच गोष्टीवर जीव टाकत होतं.

"म्हनजे तो तुह्या वास नाई?"

"माह्या बी हाय. सोमारीचा बी हाय. तिच्या सासूचा बी हाय. त्या गावातल्या साऱ्या बायायचा तोच वास हाय."

आता मात्र तिला हसू आवरेना. खुशाल कसनुसा झाला. पण ती हसायची थांबली तेव्हा तिने तोंड फिरवलं आणि हळूच म्हणाली, "फेब्रुवारीत येनार होती मी. तुमाले न सांगता. शिलकीतली सुट्टी राखून ठेवली होती. ती आता ह्याच्यातच गेली."

हे खुशालला सगळ्यात झोंबलं. दालचिनीपेक्षाही.

दुसऱ्या दिवशी सूज उतरायला लागली. तिने आपल्या पिशवीतून आणलेल्या टोळीच्या तेलातलं बोटभर तेल त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावलं. "आता हे पुसाचं नाई. उद्या पाहू. लाल झालं नाई तर मगच दुसरीकडे लावाचं. कोनतीबी नवीन चीज अशीच आधी कोपराले लावून पाहाची. अन् एका वेळी एकच. नाई तर कशानं झालं ते समजत नाई."

"एका वेळी एकच?"

"एकच."

"अन् प्रत्येकाले एक दिवस?"

"हो."

खुशाल उठला. सुजलेल्या डोळ्यांनी त्याने घरभर शोध घेतला आणि एक एक वस्तू आणून तिच्यासमोर मांडली. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, दाढीचा साबण, खोबरेल तेल, टाल्कम पावडर, आशाबाईंकडून मागून आणलेली मेंदी, आणि बुटाचं पॉलिशसुद्धा.

"हे सारं टेस्ट करून घेऊ," तो गंभीरपणे म्हणाला. "घाई नको. चामडीचा प्रश्न हाय."

सत्यशीलेने त्या रांगेकडे बघितलं. तिचा चेहरा असा काही झाला की खुशालला वाटलं, राहिली ही, जिंकलो आपण. तिने टाल्कम पावडर उचलली, परत ठेवली. "गावात एक गरोदर बाई हाय," ती म्हणाली. "तिचे दिवस भरले हाय. माह्याशिवाय तिथी कोनी नाई." मग बुटाचं पॉलिश त्याच्या हातात देत म्हणाली, "हे मात्र टेस्ट न करताच समजते."

सकाळच्या गाडीने ती गेली. तेलाची डबी तिने आरशामागे ठेवली. पातेल्यातला लेप मात्र एका बाटलीत भरून आपल्या पिशवीत टाकला. "हे घरात नको," असं म्हणाली. गाडी हलली तेव्हा खुशालने नाक वर केलं. डिझेल, धूळ, आणि त्यातून उबदार, कडवट, गोडसर. गाडीत आणखी चारपाच बाया जंगलाकडच्या होत्या. त्यांचाही असेल. त्याने तो तरीही छाती भरून घेतला.

त्यानंतरचे दिवस जसे जायचे तसे गेले. कोपर लाल झालं नाही. तोंड मूळ आकारावर आलं. थर्मामीटर दुरुस्त होऊन आला, आणि साहेब आता आधी त्याच्याकडे बघायचे, मग खुशालकडे. खुशाल डबी उघडायचा आणि एकच श्वास घ्यायचा, पण आता त्या वासात सोमारीची सासूही असायची, त्याला काही इलाज नव्हता.

आणि एका संध्याकाळी बापूराव गाडी लावून थेट क्वार्टरवर आला. तोंड पांढरं पडलेलं.

"खुशालभाऊ, बसा आधी. बाईचा हात गेला."

खुशाल बसला नाही. आता तो शहाणा झाला होता. "तुमाले कोनी सांगतलं?"

"आलापल्लीवाल्यानं. हात जळला म्हने."

"हळवा हाय तो. त्याले कोनी सांगतलं?"

"जीपवाल्यानं. त्यानं सांगतलं का हाताले पुरळ उठलं."

"अन् बाई सोता काय बोलली?"

बापूराव डोकं खाजवू लागला. "सोता बाई म्हने बोलली, का कोपर लाल झालं. आतल्या अंगाचं. कोनता तरी लेप हाय, लवंगेचा. तोच लावला म्हने."

"नर्स असून? पुरळ उठते हे मालूम असून?"

"तेच ईचारलं जीपवाल्यानं. तर म्हने, त्याले घराचा वास येते."

 खुशालने शर्ट घातला, पायात चपला सरकवल्या आणि साहेबांच्या बंगल्याकडे चालू लागला. शेवटी शेवटी तर तो पळतच होता.

"सुट्टी? एकदम?" साहेब म्हणाले. "कोण आजारी आहे?"

"बायकोचं कोपर लाल झालं, साहेब."

"कोपर?"

"आतल्या अंगाचं," खुशाल म्हणाला. या एवढ्याने परिस्थितीचं गांभीर्य कळेल असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. "आणि खोब्रागडे, इकडे ढीग धुमसायला लागला तर?"

"थर्मामीटर हाय ना, साहेब," खुशाल पायऱ्या उतरता उतरता म्हणाला. "सरकारचा."